शिट्टी कुणाच्या हातात?

‘पोरीच्या जातीनं शिट्टी वाजवू नये’ हे वाक्य लहानपणी ऐकलं नाही अशी बाई निदान आपल्या भागात तरी सापडणं कठीण. वऱ्हाडातल्या आज्या तर थेट खडसावायच्या, ‘कायले शिट्टी वाजवून राह्यली वं? पोरीच्या जातीले शोभते काय हे?’ भाऊ मात्र दिवसभर शीळ घालत हिंडायचा. त्याला कुणी काही म्हणायचं नाही. मग आपल्या वाट्याला शिट्ट्या आल्या त्या दोनच प्रकारच्या. एक स्वयंपाकघरातल्या कुकरची. वरणाला तीन, बटाट्याला दोन, असा तिचा हिशेब ठेवायचा. आणि दुसरी कॉलेजच्या रस्त्यावर पाठीमागून येणारी. ती ऐकूनही न ऐकल्यासारखं करायचं आणि मान खाली घालून झपझप चालू लागायचं.

म्हणजे शिट्टी मोजायची आपण, सोसायचीही आपण. वाजवायची मात्र दुसऱ्यानं!

म्हणूनच १ डिसेंबर २०२२ ही तारीख मला फार महत्त्वाची वाटते. त्या रात्री कतारमध्ये पुरुषांच्या फुटबॉल विश्वचषकातला जर्मनी विरुद्ध कोस्टा रिका हा सामना झाला. मैदानाभोवती साठ हजारांहून अधिक प्रेक्षक, जगभर टीव्हीसमोर बसलेली कोट्यवधी माणसं आणि मैदानात बावीस धट्टेकट्टे पुरुष. या सगळ्यांना थांबवणारी आणि पुन्हा चालू करणारी शिट्टी होती फ्रान्सच्या स्टेफनी फ्रापार्त या बाईच्या हातात. दोन्ही बाजूंना झेंडे घेऊन धावणाऱ्या सहायक पंचही बायकाच होत्या. ब्राझीलची नेउझा बाक आणि मेक्सिकोची कारेन दियाझ. फुटबॉलचा विश्वचषक १९३० साली सुरू झाला. तेव्हापासूनच्या ब्याण्णव वर्षांत पुरुषांच्या या स्पर्धेत मुख्य पंच म्हणून बाई उभी राहिली ती त्या दिवशी, पहिल्यांदा. जर्मनीनं सामना ४-२ असा जिंकला आणि तरीही स्पर्धेबाहेर गेली. दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती याचीच. बाईनं काय घोळ घातला, याची वाट बघत बसलेल्यांच्या हाती काही लागलं नाही. पंचाबद्दल कुणाला बोलावंसं वाटू नये, हीच पंचाच्या कामाची सगळ्यात मोठी पावती.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, कुठे कतार आणि कुठे आपली अमरावती! आपल्या घरात फुटबॉल पाहिला जातो तो चार वर्षांतून एकदा, तोही पोरांच्या हट्टापायी. त्यातल्या रेफरीचं आपल्याला काय? पण मला यात खेळापेक्षा वेगळं काहीतरी दिसतं. ते काय, हेच आज सांगायचं आहे.

आपल्या भाषेत ‘पंचामुखी परमेश्वर’ म्हणतात. पाच जण बसून जे ठरवतील तो देवाचा शब्द. पण पारावर बसणाऱ्या त्या पाचांत आपली आजी-पणजी कधी होती का? नव्हती. भांडण तिच्याबद्दल असो, तिच्या शेतीच्या वाट्याबद्दल असो, की तिला नांदवायचं की नाही याबद्दल असो. तिनं डोईवरचा पदर सांभाळत भिंतीआडून ऐकायचं. पुढं कायदा आला. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून ग्रामपंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या आणि महाराष्ट्रात २०११ साली हे आरक्षण निम्म्यावर गेलं. बायका सरपंच झाल्या. त्यांतल्या कितीतरी जणींनी गावं सुधारून दाखवली. पण त्याच काळात ‘सरपंचपती’ नावाचा एक शब्दही आपल्याकडं जन्माला आला. खुर्चीवर ती आणि बोलणारा तो. सही तिची, निर्णय त्याचा. ‘थांबा, त्यांना विचारून सांगते,’ हे वाक्य तर आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की पडद्याचं कापड निवडतानाही तोंडातून निघून जातं.

फुटबॉलच्या मैदानावर मात्र ‘रेफरीपती’ असूच शकत नाही. फाऊल झाला की नाही, चेंडू हाताला लागला की हात चेंडूकडे गेला, पेनल्टी द्यायची की खेळ पुढं चालू ठेवायचा, हे क्षणात ठरवावं लागतं. घरी फोन करायची सोय नाही. कुणाला विचारून सांगते म्हणायची सवड नाही. या खेळाचे नियम एकूण सतरा. त्यातला पाचवा नियम पंचाबद्दल आहे आणि त्याचं सार एवढंच, की मैदानावर घडलेल्या गोष्टींबाबत पंचाचा निर्णय अंतिम. आता व्हिडिओची मदत आलीय. खोलीत बसलेले सहकारी कानातल्या यंत्रातून ‘एकदा पाहून घ्या’ असं सुचवू शकतात. पण मैदानाकडेच्या पडद्यावर पाहून शेवटचा शब्द मुख्य पंचानंच द्यायचा असतो. गरज पडली तर स्वतःचा आधीचा निर्णय हजारो लोकांसमोर बदलायचाही असतो.

आपण मुलींना खेळायला पाठवू लागलो, ही चांगलीच गोष्ट झाली. पण खेळणं वेगळं आणि निवाडा करणं वेगळं. पळणारी, उड्या मारणारी, पदकं आणणारी मुलगी आता समाजाला आवडते. तिचे फोटो छापून येतात, गावात कमानी लागतात. ‘हे चूक आहे, थांब!’ असं पुरुषाला सांगणारी आणि त्यानं ऐकलं नाही तर खिशातून लाल कार्ड काढणारी मुलगी मात्र अजून सहजी पचत नाही. मुद्दा आहे तो इथं.

तो किती जुना आहे हे पाहायचं तर ब्राझीलमध्ये जावं लागेल. फुटबॉलवेड्या या देशात १९४१ ते १९७९ या काळात बायकांना फुटबॉल खेळायला कायद्यानंच बंदी होती. इंग्लंडमध्येही फुटबॉल संघटनेनं १९२१ साली बायकांच्या सामन्यांना आपल्या क्लबांची मैदानं बंद केली होती, ती उघडायला पन्नास वर्षं लागली. अशा त्या ब्राझीलमध्ये लेआ कांपोस नावाच्या तरुणीला वाटलं, खेळायला बंदी आहे ना, मग पंच होऊ. पंच होण्यावर बंदी असल्याचं कायद्यात कुठं लिहिलेलं नव्हतं! १९६७ साली तिनं पंचांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. पण तिथल्या क्रीडा महासंघाचे अध्यक्ष जुआँव आवेलांज यांनी तिला परवाना देण्याचं नाकारलं. कारण काय दिलं? बाईच्या शरीराची ठेवण आणि तिची मासिक पाळी! मैत्रिणींनो, हे वाचून तुम्हाला काही आठवलं का? ‘चार दिवस’ हे कारण एकट्या वऱ्हाडाचं नाही, ते साता समुद्रापारही चालायचं.

लेआ हटली नाही. चार वर्षं झगडत राहिली. थेट देशाच्या राष्ट्राध्यक्षांपर्यंत जाऊन तिनं त्यांचं पत्र आणलं आणि १९७१ साली परवाना मिळवला. पुढची गंमत पाहा. हेच आवेलांज १९७४ साली ‘फिफा’ या जागतिक संघटनेचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १९९१ साली, चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक भरला. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात शिट्टी होती क्लाउदिया वास्कोन्सेलोस हिच्या हातात. फिफाच्या स्पर्धेत मुख्य पंच झालेली ही पहिली बाई, आणि ती ब्राझीलचीच! पुढच्या, म्हणजे १९९५ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना स्वीडनच्या इंग्रिड योन्सन यांनी चालवला.

परवाना मिळाला म्हणजे मान मिळतोच असं नाही. २०११ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये वुल्व्हज विरुद्ध लिव्हरपूल हा सामना होता. शियान मॅसी ही पंचविशीतली सहायक पंच रेषेवर होती. सामना सुरू होण्याआधीच टीव्हीवरच्या दोन नामवंत समालोचकांनी आपसात थट्टा सुरू केली, की बायकांना कुठं ऑफसाइडचा नियम कळतो! त्यांना वाटलं मायक्रोफोन बंद आहेत. आणि सामन्यात नेमका ऑफसाइडचाच अवघड प्रसंग आला. चेंडू सुटला त्या क्षणी पुढचा खेळाडू बचावफळीच्या पुढं होता की मागं, असा डोळ्याचं पातं लवावं एवढाच फरक. मॅसीनं झेंडा खालीच ठेवला, गोल झाला. पुन्हा पुन्हा चित्रफीत पाहिली गेली आणि तिचाच निर्णय बरोबर निघाला. पुढच्या आठवड्यात त्या दोघांतल्या एकाची नोकरी गेली, दुसऱ्यानं राजीनामा दिला. मॅसीचं नाव नंतरही वर्षानुवर्षं पुरुषांच्या मोठ्या सामन्यांच्या यादीत झळकत राहिलं.

आता आपल्या देशाकडं येऊ. भारतात पुरुषांच्या विश्वचषकातला क्षण यायचा आहे, पण पाया घातला गेलाय. आणि तो आपल्या शेजारी, गोव्यात. गोव्याच्या मारिया रिबेलो आधी भारताकडून खेळल्या, मग शिट्टी हातात घेतली, फिफाच्या पंच झाल्या आणि पुरुषांच्या राष्ट्रीय लीगमध्ये पंच म्हणून उतरणारी पहिली भारतीय बाई ठरल्या. गोव्याच्याच युवेना फर्नांडिस सहायक पंच झाल्या. २०१६ साली जॉर्डनमध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भरला, तेव्हा भारताचा संघ तिथं नव्हता. पण युवेना होत्या. संघ पात्र ठरला नाही तरी एका बाईच्या हातातल्या झेंड्यानं देशाला विश्वचषकात जागा मिळवून दिली! त्याच सुमारास तमिळनाडूतल्या दिंडीगुलची रूपा देवी फिफाच्या यादीत गेली. मणिपूरच्या रंजिता देवी आल्या. यांतली एकही दिल्ली-मुंबईची नाही, हे मी मुद्दाम सांगतेय.

आणखी एक गोष्ट आपल्या देशात घडली आणि फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. १४ ऑक्टोबर २०१७ रोजी कोलकात्यात, सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात जपान आणि न्यू कॅलेडोनिया यांचा सामना झाला. स्वित्झर्लंडच्या एस्टर श्टाउब्ली त्या सामन्याच्या मुख्य पंच होत्या. फिफानं पुरुषांच्या स्पर्धेत बाईकडं शिट्टी दिली ती पहिल्यांदा आपल्या भूमीवर. मग २०२२ साली महिलांचा आशिया चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नवी मुंबईत रंगला. म्हणजे हे सगळं आता एका रात्रीच्या रेल्वे प्रवासाच्या अंतरावर आलंय.

क्रिकेटमधलं उदाहरण तर आपल्या राज्यातलंच आहे. नवी मुंबईच्या वृंदा राठी मुंबई विद्यापीठाकडून मध्यमगती गोलंदाजी करायच्या. मग त्या स्कोअरर झाल्या, धावांची वही सांभाळू लागल्या. २०१३ च्या महिला विश्वचषकात स्कोअररचं काम करताना न्यूझीलंडच्या पंच कॅथी क्रॉस त्यांना भेटल्या आणि वृंदाताईंना वाटलं, आपणही हे करू शकतो. दहा वर्षांनी, २०२३ च्या जानेवारीत, रणजी करंडकात पुरुषांच्या सामन्यांत पहिल्यांदाच तीन बायका पंच म्हणून मैदानात उभ्या राहिल्या. वृंदा राठी, एन. जननी आणि गायत्री वेणुगोपालन. बघा, वहीपासून मैदानापर्यंतचं अंतर दहा वर्षांचं निघालं. पण सुरुवात झाली ती ‘दुसरी बाई हे करतेय’ हे डोळ्यांनी पाहण्यापासून.

या पेशात मला सगळ्यात मोलाची वाटते ती वयाची गोष्ट. खेळाडूचं आयुष्य लहान असतं. त्यातही आपल्याकडं मुलीचं फारच लहान. विद्यापीठाचा संघ, रंगाचा ब्लेझर, आणि मग ‘स्थळ आलंय’. बावीस-तेविसाव्या वर्षी तिचे बूट माळ्यावर जातात. पंचाचं उलट आहे. फिफाच्या यादीत जायला मुख्य पंचाचं वय किमान २५ आणि सहायक पंचाचं किमान २३ लागतं. म्हणजे जिथं आपण ‘आता पुरे झालं’ म्हणतो, तिथं यांची सुरुवात होते. कतारच्या सामन्यात फ्रापार्त एकोणचाळिशीला टेकल्या होत्या. जर्मनीच्या बिबियाना श्टाइनहाउस २०१७ साली पुरुषांच्या सर्वोच्च लीगमधल्या पहिल्या महिला पंच झाल्या तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या आणि पेशानं पोलीस अधिकारी. रवांडाच्या सलीमा मुकान्सांगा यांनी २०२२ च्या जानेवारीत पुरुषांच्या आफ्रिकी चषकात पहिल्यांदा शिट्टी वाजवली. त्यांचं शिक्षण नर्सिंगचं आणि बाळंतपणाच्या सेवेचं. आणि २० ऑगस्ट २०२३ रोजी सिडनीत महिला विश्वचषकाचा अंतिम सामना चालवणाऱ्या अमेरिकेच्या टोरी पेन्सो तीन लेकरांच्या आई आहेत. नर्स, पोलीस, आई. अशा बायका आपल्या गल्लीत नाहीत का?

अर्थात हे काम सोपं आहे असं कुणी समजू नये. मुख्य पंच एका सामन्यात दहा-बारा किलोमीटर पळतो. त्यासाठी दरवर्षी धावण्याच्या चाचण्या द्याव्या लागतात. आधी ४० मीटरच्या सहा वेगवान धावा. मग ७५ मीटर पळायचं आणि २५ मीटर चालायचं, असं चाळीस वेळा. एकूण चार किलोमीटर. त्यात ठरलेल्या सेकंदांच्या मागं पडलं की परीक्षा संपली. बायकांच्या चाचणीत थोडा जास्त वेळ मिळतो, पण पुरुषांचे सामने हवे असतील तर पुरुषांच्याच वेळेत, म्हणजे ७५ मीटर १५ सेकंदांत, पळून दाखवावं लागतं. तिथं ‘बाई आहे म्हणून’ काही मिळत नाही. मला ते आवडलं. सवलतीचा टोमणा कुणी मारायला नको.

मार्ग पायरीपायरीचा आहे. आधी जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या संघटनेकडून पंचांचा प्राथमिक वर्ग आणि परीक्षा. सतरा नियम तोंडपाठ नव्हे, समजून यायला हवेत. मग स्थानिक सामने, राज्य पातळी, राष्ट्रीय पातळी. तिथून राष्ट्रीय महासंघ दरवर्षी नावं फिफाकडं पाठवतो. फिफाचा बिल्ला मिळतो तोही एका वर्षापुरता. त्यावर ते वर्ष छापलेलं असतं. पुढच्या वर्षी पुन्हा सिद्ध व्हायचं. सामन्याचा अहवाल लिहावा लागतो, परदेशी सहकाऱ्यांशी इंग्रजीत बोलावं लागतं. फाडफाड नसलं तरी कामापुरतं हवंच. आणि पैशांचं म्हणाल तर मानधन सामन्यागणिक मिळतं, खालच्या पातळीवर तर फार थोडं. म्हणून आपल्याकडं बहुतेक जण नोकरी सांभाळून हे करतात.

आता अमरावतीचं बोलू. आपलं गाव खेळाच्या बाबतीत मागासलेलं नाही, उलट मिरवावं असं आहे. १९१४ साली वैद्य बंधूंनी इथं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथं आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. शारीरिक शिक्षणाचे धडे घ्यायला देशभरातून मुलं-मुली इथं येतात. ट्रॅकसूट घातलेल्या मुली सकाळी घोळक्यानं धावताना दिसणं हे आपल्या शहराला नवीन नाही. इथून शिकलेल्या कितीतरी जणी अकोला, यवतमाळ, बुलडाण्यापर्यंतच्या शाळांत पीटीच्या मॅडम झाल्या. म्हणजे पंच व्हायला लागतं ते अंग, ते शिक्षण, ती शिस्त आपल्याकडं तयार आहे. कबड्डी, खो-खो तर आपल्या मातीचेच खेळ. तिथंही शिट्टी लागतेच. मग मोठ्या सामन्यांत टेबलावर गुणलेखन करायला मॅडम आणि मैदानाच्या मध्ये सर, हे चित्र इतक्या वेळा का दिसतं?

मागच्या हिवाळ्यात एका शालेय स्पर्धेत चौदा वर्षांखालील मुलींचा फुटबॉलचा सामना पाहायला मी थांबले होते. पंच होती शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम करणारी, विशीतली एक मुलगी. बारीक चणीची, वेणी घट्ट बांधलेली. एका संघाचे सर रेषेबाहेरून सारखे ओरडत होते, ‘ओ ताई, फाऊल कायले म्हणते मालूम हाय काय तुमाले?’ लोक हसत होते. पहिल्यांदा तिनं लक्ष दिलं नाही. दुसऱ्यांदा हातानंच ‘शांत राहा’ असं खुणावलं. तिसऱ्यांदा शिट्टी वाजवून खेळ थांबवला, चालत त्यांच्यापर्यंत गेली आणि खिशातून पिवळं कार्ड काढून समोर धरलं. २०१९ पासून प्रशिक्षकालाही कार्ड दाखवता येतं, हे त्या सरांना बहुधा ठाऊक नसावं. मैदान चिडीचूप. ती परत फिरली, खेळ सुरू झाला. नंतर त्या सरांचा आवाज काही आला नाही.

सामना संपल्यावर मी तिला गाठलं. आवाज जरा थरथरत होता तिचा, पण चेहरा शांत. म्हटलं, ‘भीती नाही वाटली?’ म्हणाली, ‘वाटली ना काकू. पण शिट्टी गळ्यात असली का मी कोनाची पोरगी नसतो, पंच असतो.’ घरचे काय म्हणतात, विचारलं. ‘बाबा म्हणते, खेळाचं असन तं खेळ बाप्पा, पण लोकाच्या पोट्ट्यायवर कायले शिट्ट्या वाजवतं? लग्नाच्या वक्ती लोकं काय म्हनतीन?’ आणि हसली. ते हसणं मात्र मला फारसं आवडलं नाही. त्यात हार मानल्याचा सूर होता.

तिच्या बाबांना दोष देऊन काय उपयोग? त्यांची काळजी खोटी नाही. तालुक्याच्या मैदानावर मुलींना कपडे बदलायला खोली नसते, असली तर तिला कडी नसते. स्वच्छतागृहाचं तर बोलायलाच नको. दिवसभर पाणी न पिता पळणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, का, तर जायचं कुठे? सामना लांबला की शेवटची एसटी चुकते. हाफ पँटवरून शेजारीपाजारी कुजबुज. आणि हे सगळं सोसून हाती पडणारं मानधन जाण्यायेण्यात संपतं. खेळाडू मुलीला निदान टाळ्या तरी मिळतात. पंच मुलीला मिळतात त्या शिव्या, त्याही दोन्ही संघांकडून.

यावरचे उपाय काही आभाळातून आणायचे नाहीत. शालेय स्पर्धांत निदान मुलींचे सामने तरी मुलींच्याच हाती देता येतील. शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयांना दरवर्षी आपल्याच आवारात पंचांच्या परीक्षेचा वर्ग भरवता येईल, म्हणजे मुलींना त्यासाठी नागपूर-मुंबई गाठावी लागणार नाही. मैदानावर कडी लागणारी एक खोली आणि पाण्याची सोय असलेलं स्वच्छतागृह, हा खर्च कमानी आणि फ्लेक्सपेक्षा जास्त नाही. लांबून आलेल्या महिला पंचाला सोडायला गाडी देणं हा उपकार नाही, तो आयोजनाचाच भाग आहे.

आणि आपल्याला काय करता येईल? आपला मुलगा क्रिकेट किंवा फुटबॉल खेळून आला आणि ‘ती पंच बाई बेकार होती’ म्हणाला, तर एक प्रश्न विचारायचा: चूक काय झाली होती ते सांग. त्याला सांगता आलं तर ऐकून घ्यायचं. पुरुष पंचही चुकतात, बाईही चुकेल. पण चूक सांगता येत नसेल आणि नुसतं ‘बाई होती’ एवढंच कारण असेल, तर ते तिथल्या तिथं थांबवायचं. घरातला हा छोटा निवाडा आपला आहे. तो ‘बाबा आल्यावर बघू’ म्हणून पुढं ढकलायचा नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपण मैदानावर जायला हवं. पावसाळा सरला की तालुक्याच्या, जिल्ह्याच्या स्पर्धा सुरू होतात. चार मैत्रिणींनी मिळून एखादी दुपार काढा. सामना कोण जिंकतंय हे नाही कळलं तरी चालेल. मध्ये एखादी मुलगी शिट्टी घेऊन उभी असेल, तर तिच्या बाजूनं रेषेबाहेर चार बायका बसल्या आहेत, एवढं तिला आणि तिच्यावर ओरडणाऱ्यांना दिसू द्या. वृंदा राठींना कॅथी क्रॉस दिसल्या म्हणून पुढचं घडलं. आपल्या शाळेतल्या मुलींनाही कुणीतरी दिसायला हवं.

आणि उद्या तुमच्याच घरात पोरगी म्हणाली, ‘आई, मी पंचाची परीक्षा देतो,’ तर हसू नका, घाबरू नका. फॉर्मवर सही करा. तिच्या बाबांना समजवायचं काम तिच्यावर टाकू नका, ते तुम्ही करा. पहाटे ती धावायला निघेल तेव्हा वरणाच्या तीन शिट्ट्या मोजायला तिच्या भावाला उठवा.